परदेशात कळलेला शेजार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला 'परदेशातील अनुभव' आणि वेळ दिली वीस मिनिटं. आठवीत असताना याच सभागृहात वक्तृत्व स्पर्धेत माझं भाषण दीड मिनिटात संपलं होतं, कारण पुढचं काही आठवलंच नव्हतं. तुमच्यापैकी निम्मे लोक त्या दिवशी हसले होते. म्हणून आज लिहून आणलंय.

आपण कोपरची पोरं. आमचं घर गावदेवीच्या मागे, खाडीच्या अंगाला. बाबा रेल्वेत खलाशी, आणि पावसाळ्यात दोन खाचरांत भात. मला लहानपणी परदेश म्हणजे डोंबिवली वाटायची आणि दादर म्हणजे फारच लांबचा परदेश. बाईंनी एकदा वर्गात सांगितलं होतं की इथून तिसरं स्टेशन कल्याण, आणि त्या कल्याणात जन्मलेली एक मुलगी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आगबोटीत बसून अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. आनंदीबाई जोशी. बाई, तुम्हाला आठवत नसेल, पण मी हात वर करून विचारलं होतं, "बाई, तिथे तिच्या शेजारी कोण राहायचं?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "चांगला प्रश्न आहे. आपल्या कार्पेंटरमावशींकडे राहायची ती." अमेरिकेतल्या त्या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणायच्या, हे मला तेव्हा कळलं.

आज त्याच प्रश्नावर बोलणार आहे. शेजारी कोण राहतं?

दहावीनंतर डिप्लोमा केला, मग अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलो. आमच्या मालकांचा एका जपानी कंपनीशी करार झाला आणि १९९७ साली त्यांनी मला सहा महिन्यांसाठी हामामात्सू या गावी पाठवलं. सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी बायको आणि मुलगी आली. बाबा मात्र आले नाहीत. आई गेल्यावरही आले नाहीत. "गावदेवी सोडून कुठं जाऊ?" एवढंच म्हणाले.

हामामात्सू म्हणजे टोकियो आणि नागोया यांच्यामधलं, समुद्राकाठचं कारखानदारीचं शहर. सुझुकीचे मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली तिथे माग बनवायचा कारखाना काढला, मोटारी फार नंतर आल्या. यामाहाही तिथलीच, आणि तिची गोष्ट तर शाळेच्या समारंभात सांगावी अशीच आहे. १८८७ साली तिथल्या एका प्राथमिक शाळेतला परदेशी ऑर्गन बिघडला. आपल्या पेटीच्याच जातीचं वाद्य, फक्त भाता पायाने मारायचा. दवाखान्यांची उपकरणं दुरुस्त करणारा तोराकुसू यामाहा नावाचा एक कारागीर होता, त्याला बोलावलं. त्याने ऑर्गन उघडला, दुरुस्त केला आणि उघडता उघडता आतल्या भागांची चित्रं काढून घेतली. मग एका सोबत्याबरोबर स्वतः तसाच ऑर्गन बनवला. तो तपासून घ्यायला दोघे निघाले टोकियोच्या संगीतशाळेकडे. ऑर्गन खांद्यावर, मधे हाकोनेचा घाट, अंतर अडीचशे किलोमीटर. तिथे निकाल मिळाला की वाद्य ठीक, पण सूर चुकलेत. यामाहा महिनाभर तिथेच बसून संगीताचे धडे शिकला, परत आला आणि दुसरा ऑर्गन केला. तो पास झाला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला आपल्या शाळेतली फाटक्या भात्याची पेटी आठवली. शिपाईकाकांनी तिला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं होतं. काका, आपण पेटंट घ्यायला पाहिजे होतं!

तर तिथे घर मिळालं. दुमजली इमारत, आठ बिऱ्हाडं. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सहा टॉवेल विकत आण. मला वाटलं, अंघोळीचे काही नियम असतील. तिथे नियम कशाचेही असतात. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात. त्याच घालून मी एकदा साहेबांच्या घरच्या दिवाणखान्यात, चटईवर जाऊन बसलो होतो. साहेबांच्या सौभाग्यवतींनी तोंडातून शब्द काढला नाही, फक्त माझ्या पायांकडे बघत राहिल्या. पण टॉवेल अंघोळीसाठी नव्हते. नव्या घरात आलेल्या माणसाने आधी शेजाऱ्यांकडे जाऊन, छोटी भेट देऊन, नाव सांगायचं असतं. कोणाकडे जायचं याचंसुद्धा एक जुनं वचन आहे, 'मुको सानगेन, र्योदोनारी'. समोरची तीन घरं आणि डावी-उजवी दोन. सहावा टॉवेल मालकीणबाईंना.

उजव्या बाजूला एक आजोबा एकटे राहायचे. आम्ही त्यांना ओजीसान म्हणायचो, म्हणजे आजोबाच. हयात मागाच्या कारखान्यात गेलेली, एका कानाने कमी ऐकू यायचं. पहिल्या महिन्यात मी कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी ठेवली. तिथे जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला. माझी पिशवी तशीच राहिली आणि तिच्यावर एक चिठ्ठी चिकटली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. संध्याकाळी ओजीसान ती पिशवी घेऊन दारात उभे. आत आले, वर्तमानपत्र अंथरलं, पिशवी उलटी केली, आणि माझ्याबरोबर मांडी घालून एकेक वस्तू वेगळी करून दाखवली. मला तेव्हा जपानीतली वीस वाक्यं येत होती. त्यांना मराठी येत नव्हतं. पण त्या दिवसापासून ओळख झाली.

माझ्या बायकोला तिथे सगळ्यात मोठा त्रास खाण्याचा. ती कल्याणची, शाकाहारी, आणि तिथे साध्या सुपातसुद्धा सुक्या माशाचा कीस. मी आगरी. मला तो वास आला की आईच्या सुकटाचा डबा आठवायचा. ओजीसानना हे कळल्यावर ते तिच्यासाठी समुद्रशेवाळ उकळून त्याच्या पाण्याचं सूप करून आणायला लागले. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम आपल्याकडे आहे तसाच तिथेही आहे. मग आमच्याकडून थालीपीठ जायचं.

आता त्या फळीबद्दल सांगतो. तिथे प्रत्येक मोहल्ल्याची एक समिती असते आणि समितीची एक फळी घरोघर फिरते. तिला 'काइरानबान' म्हणतात, म्हणजे फिरता फलक. परीक्षेला आपण नेतो तसं चाप लावलेलं पॅड, त्यावर कागद. गटारं साफ करायची तारीख, भूकंपाची कवायत, उत्सवाची वर्गणी, कोणाची तरी हरवलेली मांजर. वाचायचं, आपल्या नावापुढच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचं. आमच्याकडे फळी ओजीसानकडून यायची आणि आमच्याकडून वरच्या मजल्यावर जायची. मी एकदा त्यांना म्हटलं, "एवढ्यासाठी घरोघर कशाला फिरायचं? कागद खाली भिंतीवर लावला तर चालणार नाही का?" ते म्हणाले, "कागद भिंतीवर लावला तर तू माझं तोंड कधी बघशील?"

मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जायला लागली. सकाळी मोहल्ल्यातली दहा-बारा मुलं रांगेने चालत शाळेत जायची. पुढे सहावीतला मोठा मुलगा, मधे पिवळ्या टोप्या घातलेली पहिलीतली पिल्लं. आईबाप सोडायला नाहीत. दुपारचं जेवण वर्गातच, पांढऱ्या टोप्या घालून मुलंच वाढणार, बाईही तेच जेवणार, आणि घास घेण्याआधी सगळे हात जोडून एक शब्द म्हणणार. आपण डबे उघडण्याआधी श्लोक म्हणायचो, तसंच.

आणि जेवणानंतर साफसफाई. रोज पंधरा-वीस मिनिटं, सगळी शाळा. वर्ग, जिने, संडाससुद्धा. ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून मुलं ओणवी पळत जायची, शर्यत लावायची. मुलीने घरी येऊन सांगितलं, "बाबा, आज माझी पाळी जिन्याची होती!" ती खूश होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या शाळेत मी वर्ग झाडला आहे, नाही असं नाही. पण कधी? गृहपाठ केला नाही तेव्हा. उशीर झाला तेव्हा. झाडू ही शिक्षा होती. आणि ज्या कामाची शिक्षा करतात ते काम हलकं, आणि ते रोज करणारा माणूसही हलका, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही तरी आम्ही शिकलो. मी कोणाला दोष देत नाही, तो काळच तसा होता. आणि हे जपानकडून शिकायची गरज होती असंही नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांचा फोटो आपल्या वर्गात भिंतीवर होता. खाली झाडू कोपऱ्यात होता, शिक्षेची वाट बघत.

मे महिन्यात ३ ते ५ तारखेला हामामात्सूचा मोठा उत्सव असतो. ज्यांच्या घरी वर्षभरात पहिलं मूल झालं, त्या मुलाच्या नावाचा पतंग मोहल्ल्याने उडवायचा. पतंग म्हणजे आपल्या संक्रांतीचा नव्हे, खोलीच्या जमिनीएवढा, आणि दोर बोटाएवढा. दीडशेहून जास्त मोहल्ले समुद्राकाठच्या वाळूवर आपापले पतंग घेऊन उतरतात, आणि मग काटाकाटी. काचेचा मांजा नाही, दोरावर दोर घासून समोरच्याचा तोडायचा. धूर निघतो दोरातून! रात्री कोरीव लाकडी रथ ओढतात, रथात बसून पोरं ढोल आणि बासरी वाजवतात, आणि सगळा मोहल्ला बिगुलाच्या तालावर, पाय आपटत, त्या बाळाच्या दारात जातो. घरचे सगळ्यांना खाऊपिऊ घालतात. मी पहिल्यांदा बघितलं आणि बायकोला म्हटलं, अगं, ही तर आपली हळदीची रात्र. फक्त धवलारीण तेवढी नाही. एरवी वर्षभर गाडीत मोबाईलवर न बोलणारी, शिंकताना माफी मागणारी माणसं त्या तीन दिवसांत घसा बसेपर्यंत ओरडत होती. माणसं सगळीकडे सारखीच असतात. ओरडायचे दिवस तेवढे वेगळे.

तिथे मराठी माणसंही भेटली. टोकियो मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही बुलेट ट्रेनने जायचो. दीड तासाची आरती आणि दीड तासाचा प्रवास. टोकियोच्या एदोगावा भागात आपल्या लोकांची एवढी वस्ती झाली की तिथे २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. कोयासान नावाचा एक डोंगर आहे, त्यांची आळंदी-पंढरी म्हणा, तिथल्या विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. तोवर मी परत आलो होतो. पण मुद्दाम पुन्हा गेलो, आणि पुतळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा आपल्या शाळेतली १४ एप्रिल आठवली.

आता जे सांगायला उभा राहिलो आहे ते सांगतो.

२६ जुलै २००५, मंगळवार. तुम्ही सगळे इथे होता. मी नव्हतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मी जपानी दूरदर्शनवर बघितला. कल्याण आणि बदलापूर पाण्यात, उल्हास नदी वर आलेली, गाड्या बंद, हे कळत होतं. आमचं घर खाडीच्या अंगाला आणि घरात बाबा एकटे, गुडघ्याने अधू. फोन लागेना. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं. दोन रात्री मी ते साडेतीन तास वजा करत बसलो होतो. ओजीसान दोन्ही रात्री माझ्याकडे येऊन बसले. काही बोलले नाहीत. चहा करून पुढे ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी डोंबिवलीतल्या एका बूथवरून फोन आला. बाबांचाच. काय झालं होतं ते ऐका. आमच्या समोरच्या काकी आणि बाबा यांच्यात गटाराच्या भिंतीवरून बारा वर्षं अबोला होता. बारा वर्षं! लग्नाच्या आमंत्रणपत्रिका पोस्टाने पाठवल्या एकमेकांना, समोरासमोरच्या घरांत. संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा काकींनी आपल्या दोन्ही मुलांना सांगितलं, "आधी म्हाताऱ्याला उचला, मग आपला फ्रीज." मुलांनी बाबांना खांद्यावर घातलं आणि इथे आणलं. या शाळेत. तळमजल्यावर पाणी होतं म्हणून वरच्या मजल्यावर. रुळांवरून चालत आलेले प्रवासीही तिथे होते. गावातून भाकऱ्या आल्या. बाबा दोन रात्री आपल्या नववी 'ब'च्या वर्गात बाकावर झोपले. फ्रीज वाहून गेला.

हे मी ओजीसानना सांगितलं. तिथे भूकंपाची कवायत होते तेव्हा कोणाला कोणी उचलायचं याची यादी असते. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे यादी कोणाकडे असते?" मी छाती फुगवून म्हटलं, "आमच्याकडे यादी लागत नाही." ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे दार वाजवायला कारण लागत नाही."

दीड वर्षानंतरची गोष्ट. जानेवारी २००७. कडाक्याची थंडी होती. त्या आठवड्यात फळी यायला हवी होती, मंगळवारी. आली नाही. बुधवारी माझ्या बायकोने विचारलं, "फळी आली नाही, ओजीसान विसरले का?" मी म्हटलं, "विसरले असतील. उगाच त्रास नको द्यायला." तिथे दहा वर्षं राहून मी हे पक्कं शिकलो होतो. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही. त्यासाठी त्यांच्याकडे शब्द आहे, 'मेइवाकू'. मुलं हाच शब्द ऐकत मोठी होतात. गुरुवारी कामावर जाताना मी त्यांच्या दारावरून गेलो. आत दिवा जळत होता. दिवसाउजेडी दिवा. माझ्या लक्षात आलं. मी थांबलो. हात वर केला. आणि उशीर होत होता म्हणून गेलो.

संध्याकाळी समितीच्या बाई आल्या आणि त्यांनी दार उघडवलं. ओजीसान मंगळवारीच गेले होते. फळी त्यांच्या टेबलावर होती, त्यांच्या चौकोनात शिक्का मारलेला होता. माझ्याकडे आणायची तेवढी राहिली होती.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, मंगळवारी दार वाजवलं असतं तरी काही झालं नसतं. असेल. पण ते मला नंतर कळलं. गुरुवारी सकाळी मला ते माहीत नव्हतं, आणि तरीही मी गेलो. जपानीत एकट्याने, कोणाला न कळता आलेल्या मरणाला एक वेगळा शब्द आहे, 'कोदोकुशी'. ज्या देशात फळी दारोदार फिरते त्याच देशाला हा शब्दही लागतो. कारण फळी आली नाही एवढंच ती सांगते. दार माणसालाच वाजवावं लागतं. आणि ते ज्याने वाजवलं नाही तो कोपरचा होता, ज्याच्या बापाला बारा वर्षं अबोला धरलेल्या घराने खांद्यावर नेलं होतं.

पुढच्या वर्षी आम्ही परत आलो. लोक विचारतात, एवढी चांगली नोकरी सोडून का आलात. मी काहीतरी सांगतो. खरं कारण आज सांगितलं. बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. काकींनी शेवटपर्यंत त्यांना दही पाठवलं. गटाराच्या भिंतीचा वाद मिटला नाही, पण दही यायचं.

मित्रहो, इथे थांबलो असतो तर टाळ्या चांगल्या मिळाल्या असत्या. आपली संस्कृती महान, आपली माणसं मोठ्या मनाची. पण आज आपण त्याच कोपरमध्ये राहतो का? आमचं घर गेलं, तिथे सात मजले उभे राहिले. काकींचंही गेलं. आता मी चौथ्या मजल्यावर, काकी सहाव्या. दोन्ही दारं बंद, दोन्हीकडे कॅमेरे. पूर्वी सकाळी नऊपर्यंत कोणाच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली दिसली तर समोरचा हाक मारायचा. दुधाची पिशवी हीच आपली फळी होती! आता दूध मोबाईलवरून मागवतो, मुलगा पहाटे ठेवून जातो, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्याला कोणाच्या दारात काय आहे ते दिसतही नाही. इमारतीच्या ग्रुपवर रोज साठ सुप्रभात येतात. एखाद्या दिवशी एकोणसाठ आले तर कोण मोजतं?

गेल्या पावसाळ्यात आपल्याला शिकवलेल्या एक बाई रात्री घरात पडल्या. त्यांचं नाव मी घेत नाही, त्या इथे बसल्या आहेत आणि मला डोळ्यांनी दटावत आहेत. मुलगा परदेशात, मी होतो तसाच. दुसऱ्या दिवशी दुपारी कामवाली आली तेव्हा कळलं. त्या इमारतीत आपल्या वर्गातली दोन घरं आहेत. त्यातलं एक माझ्या सख्ख्या चुलतभावाचं. त्याला मी काहीच बोललो नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून एक वही आणली आहे. साधी, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. कोपर, आयरे, नवापाडा आणि इथल्या रस्त्यांवरचे आपले निवृत्त शिक्षक आणि एकटे राहणारे आपल्या वर्गाचे आईवडील, अशी सतरा नावं आपल्या तिघा-चौघांनी मिळून काढली आहेत. आठवड्यातून एकदा ही वही प्रत्येक घरी जाईल. त्यांनी सही करायची, आपण सही करायची, पुढच्या घरी न्यायची. त्यात लिहायला काही नसलं तरी चालेल. ग्रुपवर अंगठा दाखवून हे काम होणार नाही, पायाने जावं लागेल. ओजीसान म्हणाले होते ते खरं, कागद भिंतीवर लावला तर तोंड दिसत नाही.

आणि एक नियम, तो जपानमध्ये नाही, आपला आहे. वही ज्या वारी यायची त्या वारी आली नाही, तर वाट बघायची नाही. विसरले असतील म्हणायचं नाही. त्रास होईल म्हणायचं नाही. जाऊन दार वाजवायचं. उघडून शिव्या घातल्या तर खाऊन यायच्या. आपल्या सरांच्या शिव्या आपण काय पहिल्यांदा खाणार आहोत?

मला मुलीने परवा विचारलं, "बाबा, तुम्ही जपानकडून काय शिकलात?" ती आता पुण्यात असते. मी म्हटलं, पतंग, झाडू आणि कचऱ्याचे वार. आणि कोपरकडून काय शिकलो ते मी तिथे गेल्यावर विसरलो होतो, ते परत आठवायला मला एका आजोबांचं दार न वाजवावं लागलं. एवढंच.

वही मागच्या टेबलावर, बिल्ले वाटत होते तिथे ठेवली आहे. आठवड्याचे वार लिहिलेत. सोमवार मी घेतला आहे. जेवायला जाण्याआधी उरलेल्या वारांपुढे नावं हवी आहेत. आणि शिपाईकाका, तुमचं नाव सतरांत आहे, तुम्ही वार घेऊ नका. तुमच्याकडे आम्ही येऊ.